सीपीके १४,८६० आलंय, पुढच्या तपासण्यांबद्दल विचारायचंय

लातूरची_आई

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. दीड वर्षाचा झाला तेव्हा कुठे चालायला लागला. सासूबाई म्हणाल्या, याचे बाबाही उशिराच चालले होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गेल्या श्रावणात ताप आला म्हणून रक्त तपासलं, तर लिव्हरचे आकडे वाढलेले, एसजीपीटी ३१० आणि एसजीओटी २६५. झालं, कावीळ ठरली! डोळे पिवळे नाहीत, लघवी स्वच्छ, बिलिरुबिन ०.५, कावीळ बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह, सोनोग्राफीत लिव्हर चांगलं. तरी पाच महिने लिव्हरचं सिरप, तेलतूप बंद, उसाचा रस चालू. गावाकडे नेऊन काविळीची माळसुद्धा घातली. कावीळ उतरली की माळ लांब होते म्हणतात. ती काही वाढली नाही, तर माळवाले म्हणाले कावीळ हट्टी आहे. दोनदा पुन्हा तपासलं, आकडे तिथेच.

संक्रांतीनंतर एका दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पोटाला हातही लावला नाही. पोराला फरशीवर मांडी घालून बसवलं आणि टेबलावरचं चॉकलेट दाखवून म्हणाले, ऊठ, घे. तो नेहमीसारखा उठला. आधी पालथा वळला, हातपाय टेकून ढुंगण वर केलं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा हात मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहिला. मी हे घरी रोज बघते. मला वाटायचं, लाडात येऊन करतो. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या. टणक आहेत. सासूबाई तेल लावताना म्हणायच्या, पैलवानाच्या पोटऱ्या आहेत. डॉक्टर काही बोलले नाहीत, एका चिठ्ठीवर फक्त "सीपीके" लिहून दिलं.

१४,८६० आलंय. रिपोर्टवर बाजूला छापलंय, २०० पर्यंत नॉर्मल.

आता पुण्याला जीन टेस्ट करा म्हणतात, एमएलपीए. लागली तर मांसाचा तुकडा काढून तपासायचा, आणि एक सुयांची तपासणी. आणि माझंही रक्त घ्यायचंय म्हणतात. मिस्टर म्हणतात लॅबचा आकडा चुकलाय, एक शून्य जास्त पडलं असेल. एवढ्या लहान पोराचा तुकडा काढायचा का? सुया टोचायच्या का? आणि माझं रक्त कशाला? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. रात्री झोप नाही.

मंगेश_ठाणे

ताई, घाबरू नका. माझ्या पुतण्याचं सीपीके ६४० आलं होतं. कबड्डीच्या शिबिरातून आला होता आणि आदल्या दिवशी कमरेत इंजेक्शनही घेतलं होतं. पंधरा दिवसांनी नॉर्मल. आधी रिपीट करा, नेटवर वाचू नका.

खानापूरचे_गुरुजी

ताई, मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझा मुलगा बारा वर्षांचा, डीएमडी, म्हणजे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू झिजत जाणारा जन्मजात आजार. सात वर्षं या वाटेवर आहोत. तुमची पोस्ट वाचून माझीच जुनी फाइल उघडल्यासारखं झालं. फक्त आमची लिव्हरची चूक चौदा महिने चालली आणि शेवटी लिव्हरचाच तुकडा काढायची तारीख ठरली होती. डॉक्टरांचं नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता.

मंगेशरावांचं म्हणणं त्यांच्या पुतण्यापुरतं खरं आहे. खेळून, पडून किंवा स्नायूत इंजेक्शन घेऊन सीपीके वाढतं. पण ६४० आणि १४,८६० हे एकाच गावचे आकडे नाहीत. सीपीके हे स्नायूच्या पेशीतलं एन्झाइम आहे. पेशीची भिंत फाटली की ते रक्तात गळतं. डीएमडीच्या लहान मुलांत दहा, वीस, तीस हजारही दिसतं. एकदा रिपीट करून घ्या, मिस्टरांच्या समाधानासाठी. त्यांच्या जागी मीही होतो, मी तर तीन लॅब फिरलो. पण रिपीटच्या नावाखाली दोन महिने घालवू नका. आणि सुयांची तपासणी करायचीच ठरली तर सीपीकेचं रक्त त्याआधी द्या, सुयांनीही ते थोडं वाढतं.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही स्नायूतही असतात, नुसत्या लिव्हरमध्ये नाहीत. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. एक स्वस्तातली तपासणी आहे, जीजीटी. ती स्नायूमुळे वाढत नाही. एसजीपीटी वाढलेलं, जीजीटी नॉर्मल आणि मूल उशिरा चाललेलं, एवढं दिसलं तर पुढची चिठ्ठी सीपीकेची हवी. तुमच्या नव्या डॉक्टरांनी फरशीवर बसवून जे पाहिलं त्याला गॉवर्स साइन म्हणतात. १८७९ पासून पुस्तकात आहे. मशीन लागत नाही, वीज लागत नाही. मी आता पहिलीतली नवी पोरं खाली बसून उठताना बघतो, सवयच लागली आहे. डॉक्टरांना विचारून सिरप आणि तेलतुपाचं पथ्य बंद करा. पोराचा काय दोष.

आता एमएलपीए. ड्यूशेनचं जीन माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या जीनांपैकी एक. त्याचे ७९ तुकडे, त्यांना एक्झॉन म्हणतात. यातून डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन बनतं, ते स्नायूच्या पेशीची भिंत धरून ठेवतं. एमएलपीए म्हणजे ७९ च्या ७९ तुकड्यांची हजेरी. कुठला गैरहजर, कुठला दोनदा बसलाय, हे कळतं. ढोबळपणे दर तीनपैकी दोन मुलांत एक किंवा अनेक सलग तुकडे गायब असतात, थोड्यांत ते दुप्पट असतात. म्हणजे बहुतेकांचं निदान जांभळ्या टोपणाच्या एका नळीतल्या रक्तावर होतं. उपाशीपोटीही लागत नाही. तुकडा काढावा लागत नाही, सुया लागत नाहीत. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: आधी जीन, मग बाकीचं. कुणी उलट क्रम लावत असेल तर का, ते विचारा. विचारायला लाजू नका.

दोन ठिकाणी सावध राहा. एक, काही ठिकाणी अजून जुन्या पद्धतीचं पीसीआर करतात. त्यात निवडक तुकडेच बघतात. "संपूर्ण ७९ ची एमएलपीए आहे ना" असं विचारून घ्या. दुसरं, रिपोर्टात एकच एक्झॉन गायब दाखवला तर तो दुसऱ्या पद्धतीने पक्का करतात. कधी कधी तो तुकडा असतो, पण त्यात एखादं अक्षर वेगळं असल्यामुळे तपासणीला तो सापडत नाही. वर्गात पोरगं असतं, पण बाकाखाली वाकलेलं, तसं. आणि एमएलपीए निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही. मग अख्खं जीन अक्षर न् अक्षर वाचतात, त्याला सिक्वेन्सिंग म्हणतात. त्यातही काही नाही सापडलं तर तुकड्याचा विषय येतो.

रिपोर्टात "आउट ऑफ फ्रेम" किंवा "इन फ्रेम" असं काही लिहिलेलं असेल. डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं, कळलं नाही. मग जेनेटिक कौन्सेलर बाईंनी कागदावर आकडे मांडले आणि मला माझा पहिलीचा वर्ग आठवला. आपण काना-मात्रा नसलेले शब्द लिहायला देतो ना: कमल बदक मगर पवन नयन. आता शब्दांमधली जागा काढून टाका. वाचणाऱ्याला नियम एकच माहीत, तीन अक्षरं मोजायची आणि वाचायची. मधली तीन अक्षरं पुसली, बदक गेलं, तरी उरतं ते वाचता येतं: कमल मगर पवन नयन. पण एकटा "ब" पुसा. मग होतं: कमल दकम गरप वनन यन. पुढचं सगळं वाया. जीन असंच तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. माझ्या मुलाचे ४९ आणि ५० नाहीत. ४९ मध्ये १०२ अक्षरं, ५० मध्ये १०९. बेरीज २११, तिनाने भागलं की बाकी एक. त्या बाकी एकने आमचं घर बदललं. कुणाचे ४५ ते ४७ गेले तर तुकडे तीन गेले, आमच्यापेक्षा जास्त, पण १७६, १४८ आणि १५० मिळून होतात ४७४, बाकी शून्य. तिथे बहुधा बेकर प्रकार दिसतो, सौम्य. अपवाद असतात, पण म्हणून किती तुकडे गेले यावर रडू नका, बाकी किती उरते ते बघा.

याच हिशेबावर औषधं निघाली. ५१ मध्ये २३३ अक्षरं आहेत. आमच्या मुलात तोही वगळायला लावला तर ४४४, पुन्हा बाकी शून्य. तसं औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं. आजार त्याने जात नाही आणि किंमत तर आपण उच्चारायचीही नाही. पण उद्या एखाद्या नव्या औषधाची चाचणी निघाली, तर तुमच्या मुलाला त्यात घेता येईल की नाही हे या रिपोर्टावरच ठरेल. म्हणून मूळ कागद जपून ठेवा. मी लॅमिनेट केलाय.

एक गंमत सांगतो, गंमत कसली. मुलगा चाकाच्या खुर्चीत बसला त्या वर्षी त्याचं सीपीके ४,१०० आलं, आधी २१,००० असायचं. माझ्या मेव्हण्याने पेढे आणले, "उतरलं की!" त्याला कोण सांगणार, गळायला स्नायूच कमी उरलाय म्हणून आकडा उतरलाय. मी पेढा खाल्ला.

या आजारात स्टिरॉइड देतात. ते सुरू करायचं ठरलं तर त्याआधी कांजिण्यांची लस झालीय का ते बघा. हे प्रश्नात नव्हतं, पण आमचं राहून गेलं होतं.

टाचा_टेकलेली (रत्नागिरी)

गुरुजींनी मुलग्यांचं सांगितलं, मी दुसऱ्या टोकाचं सांगते, कारण तुकडा आणि सुया दोन्ही मी सोसलंय. मी ३४ वर्षांची. एकविसाव्या वर्षी फळीवरचा पोह्यांचा डबा काढताना लक्षात आलं, मला चवड्यांवर उभंच राहता येत नाही. सीपीके ९,०००. बाई असल्याने ड्यूशेनचा विचार कुणी केला नाही, ते ठीकच.

सुयांची तपासणी, ईएमजी. बारीक सुई स्नायूत घालतात आणि तुम्हाला म्हणतात, आता जोर लावा. मशीनला स्पीकर असतो, त्यातून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. दोष नसेत आहे की स्नायूत, हे त्यातून कळतं. दुखतं, पण दातांच्या डॉक्टरांपेक्षा कमी. मोठ्या माणसाला जिथे दिशाच सापडत नाही तिथे ती कामाची. पाच वर्षांच्या पोराला, सीपीके चौदा हजार असताना, आधी सुया कशाला? गुरुजींच्या मताची आहे मी.

तुकड्याची कथा मोठी आहे. पहिल्यांदा आमच्याकडच्या एका छोट्या हॉस्पिटलात काढला, उजव्या मांडीतून. जागा बधिर करतात. कापल्याचं कळत नाही, पण तुकडा ओढतात तेव्हा आतून कुणी शिवणीचा दोरा खेचल्यासारखं होतं. शेंगदाण्याएवढा तुकडा, आणि सिस्टरने तो नेहमीच्या सवयीने फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला. स्नायूचा तुकडा तसा चालत नाही. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो लगेच गोठवावा लागतो, नाहीतर कुठलं प्रोटीन आहे आणि कुठलं नाही हे नीट रंगवून बघता येत नाही. माझ्या रिपोर्टात एवढंच आलं: सूज आहे. त्यावरून पॉलिमायोसायटिस ठरवलं, म्हणजे स्नायूंची सूज, औषधाने बरी होणारी. दोन वर्षं स्टिरॉइड. चेहरा पुरीसारखा फुगला, साखर वाढली, पाय मात्र होते तसेच उतरत गेले. शेवटी बंगळुरूला निम्हान्समध्ये डाव्या मांडीतून पुन्हा तुकडा. त्यात डिस्फर्लिन हे प्रोटीन नव्हतंच. लिम्ब गर्डल, म्हणजे खांदे-कंबरेकडचे स्नायू झिजवणाऱ्या डिस्ट्रॉफीचा एक प्रकार. यात सूज दिसते, म्हणून फसगत होते. डिस्फर्लिन रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही बघता येतं, हे मला दोन्ही मांड्यांवर व्रण पडल्यावर कळलं.

उलटीही फसगत होते हो. डिस्ट्रॉफी म्हणून सोडून दिलेल्या माणसाला खरोखरच सुजेचा आजार निघतो, किंवा पॉम्पे नावाचा स्नायूंचा दुसरा आनुवंशिक आजार निघतो. पॉम्पेची तपासणी कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावर होते आणि त्याला एन्झाइमचं औषध आहे. म्हणून नाव नक्की होईपर्यंत फाइल बंद करू देऊ नका.

ताई, कधी तुकडा किंवा कसलंही ऑपरेशन करायची वेळ आली आणि पूर्ण भूल देणार असतील, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं, स्नायूंचा आजार आहे किंवा संशय आहे. भुलेची काही औषधं या मुलांना धोक्याची असतात. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा.

लातूरची_आई

सगळ्यांचे आभार. मिस्टरांनी दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. १५,२०० आलं. लॅबच्या पायरीवर बसून राहिले बराच वेळ. त्या दिवसापासून शून्याचं काही बोलले नाहीत.

माझ्या रक्ताचं मात्र कुणी नीट सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, "आईकडून येऊ शकतं." एवढंच वाक्य, आणि नेमक्या सासूबाई सोबत होत्या. तेव्हापासून घरात कुणी काही बोलत नाही, पण ताट सरकवण्याच्या आवाजावरून कळतं. आणि खरी गोष्ट अशी की माझ्या धाकट्या बहिणीला आठवा आठवडा चालू आहे. तिला सांगू का नको?

खानापूरचे_गुरुजी

मी गुरुजींची बायको लिहितेय, त्यांच्याच खात्यावरून. ते म्हणाले, हे तू सांग.

बहिणीला सांग. आज सांग. फोनवर नको, जाऊन सांग.

हे जीन एक्स क्रोमोसोमवर असतं. आपल्याला एक्स दोन, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा ओढून नेतो. मुलग्याला एकच, तोही आईकडूनच आलेला. पण आईकडून येतं म्हणजे आईच वाहक असते असं नाही. घराण्यात दुसरं कुणी नसेल तर साधारण दर तीन मुलांपैकी एकात हा बदल नवाच घडलेला असतो, आईच्या रक्तात तो नसतोच. माझ्या रक्तात होता. रिपोर्ट आल्यावर मी आठ दिवस माहेरी फोन केला नाही, जसं काही मीच चोरी केली होती. कौन्सेलर बाई म्हणाल्या, तुमच्या आईकडून तुम्हाला, तिला तिच्या आईकडून, किती मागे जाऊन कुणाला शिव्या घालणार? मी तरी नणदेला घातल्या थोड्या, विनाकारण.

आता क्रम ऐक. आधी मुलाच्या रक्तात नेमका दोष सापडू दे. तो सापडला की तेवढाच दोष तुझ्यात आणि बहिणीत बघायचा. तुझ्या रिपोर्टची वाट बघत बहिणीने थांबायचं नाही, दोघींचं एकदमच पाठवा. तू वाहक नसशील तर बहिणीलाही चिंता नाही. ती वाहक निघाली तर साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा अंश घेऊन गर्भाची तपासणी करता येते. आमचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले होते, म्हणून दिवस मोज आणि पुण्यात पहिल्याच भेटीत सांग की बहीण गरोदर आहे. आणि कुणी म्हणालं की गर्भाची तपासणी म्हणजे कायद्याने गुन्हा, तर तसं नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात अशा आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात ती करायला परवानगी आहे. फक्त सगळं कागदावर, सहीशिक्क्यानिशी.

अजून एक. मी वाहक निघाले तेव्हा सगळे मुलाच्या हृदयाची इको करत होते, माझी करायचं कुणाला सुचलंच नाही. वाहक बायकांचंही हृदय या आजारात कमजोर होऊ शकतं. माझं ठीक आहे, पण मधून मधून इको करायला सांगितलीय. तुलाही सांगितली तर "मला काय झालंय" म्हणून टाळू नकोस.

अपंगत्वाच्या दाखल्याचं नंतर बघू. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या कायद्यात आहे, तो मिळतो. यांना विचार, तिन्ही खेटे यांनीच घातलेत.

सासूबाईंचं मला काही सुचत नाही. माझ्या सासूबाई आता नातवाला रोज पायाचे व्यायाम देतात, टाच ओढून धरतात वीस मोजेपर्यंत. पण त्याला दोन वर्षं गेली.

लातूरची_आई

मंगळवारी पुण्याला जाऊन आलो. जांभळ्या टोपणाच्या तीन नळ्या: एक त्याची, एक माझी, एक बहिणीची. बहीण स्वतःच आली. मी सांगितलं तेव्हा रडली, मग म्हणाली गाडी किती वाजता. ७९ ची एमएलपीए आहे का विचारलं, तर तिथला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला, हो म्हणाला. जीजीटी २१ आलंय, नॉर्मल. डॉक्टरांनी सिरप बंद केलं.

काल होळी होती. श्रावणापासून बंद असलेलं तूप त्याच्या पुरणपोळीवर सासूबाईंनी स्वतः वाढलं. त्याने दुसरी पोळी मागितली आणि मग ती कुत्र्याला घातली.

रिपोर्ट आला की आकडे इथे टाकते. गुरुजी, भागाकार तुम्ही करा.